न उघडलेली पत्रं

लंडनच्या हॉलोवे तुरुंगात १९२३ सालच्या ९ जानेवारीला सकाळी नऊ वाजता एडिथ थॉम्सन नावाच्या बाईला फाशी दिलं गेलं. तिला जवळजवळ उचलूनच फासापर्यंत न्यावं लागलं. तिच्या नवऱ्याचा खून तिच्या प्रियकरानं केला होता. तिच्या हातात चाकू नव्हता, सुरीही नव्हती. तिनं लिहिलेली प्रेमपत्रं तेवढी होती. ती भर न्यायालयात मोठ्यानं वाचली गेली, ज्युरीनं ऐकली आणि तिचा निकाल लागला.

त्याच वर्षी जुलैत, त्याच तुरुंगात, नवऱ्याच्याच खुनाच्या आरोपाखाली आणखी एक बाई आली. हिच्या हातात मात्र पिस्तूल होतं. गोळ्या तिनंच झाडल्या होत्या आणि तसं तिनं कबूलही केलं होतं. सप्टेंबरच्या मध्याला ती निर्दोष सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयजयकार केला. या बाईच्याही आयुष्यात प्रेमपत्रं होती, पण ती न्यायालयात कुणी वाचली नाहीत. ती कुणी लिहिली होती हे कळलं, की न वाचण्याचं कारणही कळतं.

मी हा खटला प्रथम वाचला तो मार्शल हॉल या गाजलेल्या वकिलाच्या कीर्तीमुळे. फौजदारी वकिलीच्या गोष्टींमध्ये त्याचं नाव दंतकथेसारखं घेतलं जातं. पण वाचत गेलो तसतसं त्या खटल्यातला मेलेला माणूस माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्याविषयी खटल्याच्या सहा दिवसांत इतकं बोललं गेलं आणि त्याच्या बाजूनं इतकं थोडं, की शंभर वर्षांनी तरी कुणी त्याची बाजू पाहावी असं वाटत राहिलं.

त्याचं नाव अली कामेल फहमी. कैरोचा. वडील इंजिनियर, अफाट संपत्ती कमावलेले. ते वारले तेव्हा अली जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. कापसाच्या पैशावर इजिप्तमधली घराणी गबर झाली होती, त्यांतलंच हे एक. वर्षाचं उत्पन्न चाळीस हजार पौंडांच्या घरात. नाईलकाठी महाल, मोटारी, नावा, नोकरचाकर. धर्मादाय देणग्यांबद्दल राजा फुआदनं त्याला ‘बे’ ही पदवी दिली. युरोपातल्या हॉटेलांनी त्याला परस्पर ‘प्रिन्स’ करून टाकलं आणि त्यानंही ते कधी नाकारलं नाही. वय बावीस-तेवीस. या वयात, इतका पैसा हाताशी आणि वर कुणी वडीलधारं नाही, असा मुलगा कसा वागेल हे आपल्याकडच्या संस्थानांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तिचं नाव मार्गरीत अलिबेर. जन्म पॅरिसमधला, १८९० चा. बाप घोडागाडी हाकायचा, आई लोकांच्या घरची धुणीभांडी करायची. लहान भाऊ तिच्यावर सोपवलेला असताना गाडीखाली सापडून गेला आणि त्याचा दोष तिच्या माथी आला. तिला जोगिणींच्या मठात पाठवलं गेलं. सोळाव्या वर्षी पदरात मुलगी आली. पुढं ती पॅरिसच्या उच्चभ्रू कुंटणखान्यात शिरली आणि तिथून वर चढत गेली. बोलणं, चालणं, घोड्यावर बसणं, दागिने पारखणं हे सगळं ती शिकली. १९१९ साली एका श्रीमंत अधिकाऱ्याशी तिनं लग्न केलं, वर्षभरात काडीमोड झाला आणि पोटगीही पदरात पडली. या बाईला सहजासहजी नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. जन्मानं तिला काहीच दिलं नव्हतं. जे मिळवलं ते तिनं स्वतःच्या अकलेवर मिळवलं.

अलीनं तिला पाहिलं आणि तो वेडा झाला. १९२२ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये दोघं एकत्र आले. तो कैरोला परतला तेव्हा तिथून पत्रांवर पत्रं धाडू लागला. त्यांत त्यानं तिला आपल्या आयुष्याची मशाल म्हटलं, तिच्यासाठी इथं मुकुट राखून ठेवलाय असंही लिहिलं. आपण आजारी आहोत अशी बतावणी करून त्यानं तिला बोलावून घेतलं. ती गेली. २६ डिसेंबर १९२२ ला कैरोत त्यांचं नोंदणी लग्न झालं आणि जानेवारीत धार्मिक विधी झाला. तिनं इस्लाम स्वीकारला आणि सासूचं ‘मुनिरा’ हे नाव घेतलं. युरोपीय कपडे घालायची मुभा आणि काडीमोडाचा हक्क ठरलेल्या करारात होता. धार्मिक विधीच्या वेळी काडीमोडाचं कलम गळालं, असं तिनं पुढं सांगितलं.

पहिल्या महिन्यातच खटके उडू लागले. २२ जानेवारीला, म्हणजे हळद अजून ओली असताना, तिनं एक कागद लिहून वकिलाकडं सीलबंद ठेवायला दिला. माझा मृत्यू झाला, मग तो कसाही होवो, तर त्याला माझा नवरा जबाबदार धरावा, असं त्यात होतं. आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यानं कुराणावर हात ठेवून मला संपवायची शपथ घेतली, असंही त्यात होतं. हा कागद खटल्यात वाचला गेला.

अलीनं मेहुणीला लिहिलेलं पत्रही वाचलं गेलं. मार्गरीतच्या धाकट्या बहिणीला तो हसत हसत लिहितो, की सध्या मी तुझ्या बहिणीला वळण लावतोय. काल जेवायला घरी गेलोच नाही, नाटकाला गेलो तिथं तिला एकटीला सोडून आलो. बायकांशी कडक वागावं लागतं. हे पत्र वाचून माझ्या अंगावर काटा येतो. तेविशीतल्या पोरानं स्वतःहून दहा वर्षांनी मोठ्या, दुनिया पाहिलेल्या बाईविषयी हे लिहावं, हा माज आहे. त्याला खून म्हणता येत नाही. पण पुढं न्यायालयात याच पत्रातून संपूर्ण पूर्व दिशेचा स्वभाव बाहेर काढला गेला. पुण्यातल्या, पॅरिसमधल्या किंवा खुद्द लंडनमधल्या किती नवऱ्यांनी त्या काळात अशी पत्रं लिहिली असतील, हा प्रश्न तिथं कुणी विचारला नाही.

१ जुलै १९२३ ला हे जोडपं लंडनला सॅव्हॉय हॉटेलात उतरलं. बरोबर अलीचा सेक्रेटरी सईद एनानी, तिची मोलकरीण आणि नोकर. चौथ्या मजल्यावरची खोल्यांची एक प्रशस्त जोडी त्यांनी घेतली. लंडनला त्या आठवड्यात घामाच्या धारा लागल्या होत्या. मार्गरीतला मूळव्याधीचा त्रास होता. हॉटेलचे डॉक्टर गॉर्डन येऊन तपासून गेले, शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाले. ती पॅरिसला जाऊन करून घ्यायची असं तिनं ठरवलं आणि अलीनं पैसे द्यायला नकार दिला. भांडणाचं निमित्त एवढंच होतं.

९ जुलैच्या रात्री ती दोघं आणि एनानी डेलीज थिएटरात ‘द मेरी विडो’ ही संगीतिका पाहायला गेली. परतल्यावर हॉटेलात जेवायला बसली आणि तिथंही बाचाबाची झाली. वाद्यवृंदाचा प्रमुख रिवाजाप्रमाणं टेबलाशी आला आणि बाईंना कोणती धून ऐकायला आवडेल असं त्यानं विचारलं. तिनं उत्तर दिलं, की माझा नवरा मला चोवीस तासांत मारून टाकणार आहे, मला संगीताची फारशी हौस नाही. त्या माणसानं वाकून नमस्कार केला आणि उद्याही बाई इथंच असाव्यात अशी इच्छा व्यक्त केली.

त्या रात्री लंडनवर असं वादळ झालं की शहराच्या आठवणीत राहिलं. तासन्‌तास वीज कडाडत होती. सॅव्हॉयच्या पाहुण्यांपैकी फारच थोड्यांना झोप लागली असेल. अडीचच्या सुमाराला जॉन बिटी नावाचा हमाल सामानाची हातगाडी घेऊन चौथ्या मजल्यावरून चालला होता. अलीच्या खोलीचं दार उघडलं आणि तो पायजम्यावर बाहेर आला. गाल दाखवून म्हणाला, बघा तिनं काय केलंय ते. मागून मार्गरीत आली. अंगावर अजून संध्याकाळचाच झगा. ती फ्रेंचमधून भराभर काही बोलू लागली. बिटीनं दोघांना अदबीनं विनवलं, आत जा, इतर पाहुणे जागे होतील. आणि तो पुढं निघाला.

पुढच्या काही क्षणांचा साक्षीदार हा एकच माणूस. बिटी चार पावलं गेला असेल, मागून शिटी ऐकू आली म्हणून त्यानं वळून पाहिलं. अली वाकला होता, चुटक्या वाजवत होता, शिटी मारून एका छोट्याशा कुत्र्याला बोलावत होता. कुत्रं मार्गरीतचंच, खोलीतून बाहेर पळालेलं. बिटी पुन्हा पुढं वळला आणि लागोपाठ तीन आवाज झाले.

तो धावत आला तेव्हा मार्गरीतनं पिस्तूल खाली टाकलं. अली भिंतीशी पडला होता, तोंडातून रक्त येत होतं. डॉक्टरांना नंतर पाठीत, मानेत आणि डोक्यात जखमा आढळल्या. हॉटेलचा रात्रपाळीचा व्यवस्थापक धावत आला. ती गुडघे टेकून नवऱ्याशी फ्रेंचमधून बोलत होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणत होती. अलीला चेअरिंग क्रॉस इस्पितळात हलवलं, पण तासाभरात तो गेला. तिला बो स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यात नेलं आणि तिथून पुढं हॉलोवेत.

हे मी इतक्या बारकाईनं लिहितोय त्याला कारण आहे. पुढं खटल्याच्या सहा दिवसांत एका हिंस्र पौर्वात्य नवऱ्याचं चित्र उभं केलं गेलं, तो वाघासारखा झेप घ्यायच्या बेतात होता असं सांगितलं गेलं. बिटीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेला अली कुत्र्याला हाक मारत होता. गोळ्यांच्या आधी शेवटी त्याला ज्यानं पाहिलं, त्यानं हेच पाहिलं.

खटला १० सप्टेंबरला ओल्ड बेलीत सुरू झाला. न्यायमूर्ती रिग्बी स्विफ्ट. सरकारी वकील पर्सिव्हल क्लार्क. बचावाला सर एडवर्ड मार्शल हॉल, वय पासष्टीला टेकलेलं, उंचेपुरे, देखणे, आवाजाचा धनी, घशात औषधाचा फवारा मारत मारत बोलणारे. त्यांच्या जोडीला सर हेन्री कर्टिस-बेनेट होते. नऊ महिन्यांपूर्वी याच इमारतीत एडिथ थॉम्सनचा बचाव त्यांनीच केला होता आणि ते हरले होते. मार्गरीतच्या खटल्याचे कागद चाळताना त्यांना ती दुसरी बाई आठवली नसेल असं मला वाटत नाही.

हॉल यांनी लढाई दोन आघाड्यांवर मांडली. एक पिस्तुलाची. मार्गरीतचं म्हणणं असं, की आपल्याला हत्यार चालवता येत नव्हतं. रात्री धाक दाखवायला म्हणून तिनं खिडकीबाहेर एक गोळी झाडली आणि आता ते रिकामं झालं अशी तिची समजूत झाली. स्वयंचलित ब्राउनिंगमध्ये मात्र एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येऊन बसते. बंदुकांचे जाणकार रॉबर्ट चर्चिल सरकारी बाजूनं साक्षीला होते, त्यांच्याकडून हॉल यांनी ही यंत्ररचना ज्युरीला समजावून दिली. ही आघाडी न्याय्य होती. एखाद्या बाईला खरंच असं वाटलं असू शकतं. अलीनं तिचा गळा धरला होता असं ती म्हणाली आणि हॉलोवेच्या डॉक्टरला तिच्या मानेवर ओरखडे दिसले होते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईनं घाबरून गोळी झाडली, एवढंच म्हटलं असतं तरी ज्युरीनं विचार केला असता.

दुसरी आघाडी अलीच्या चारित्र्याची. त्या काळी अनैसर्गिक म्हटल्या जाणाऱ्या वासना, सेक्रेटरीशी नको तितकी जवळीक, बायकोवर एका धिप्पाड कृष्णवर्णीय नोकराचा पहारा, आणि तिच्या आजाराचं मूळही यातच, असं सगळं सूचित केलं गेलं. सईद एनानीला उलटतपासणीत याच गोष्टींवर घोळसलं. कैरोच्या ‘कश्कूल’ या विनोदी साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं होतं, ते पुढं आलं. त्यात अली हा प्रकाश, एनानी ही प्रकाशाची सावली आणि एनानीचा कारकून ही सावलीची सावली, असे तिघे दाखवले होते. इजिप्तमधल्या वाचकांना त्यात श्रीमंताभोवतीच्या खुशमस्कऱ्यांची थट्टा दिसली. लंडनच्या न्यायालयात त्याचा अर्थ भलताच लावला गेला.

क्लार्क यांनी मग परवानगी मागितली. बाई भोळीभाबडी नाही, जग पाहिलेली आहे, तिच्या पूर्वायुष्याविषयी मला प्रश्न विचारू द्या. तेव्हाचा कायदा असा होता, की १८९८ च्या पुराव्याच्या कायद्यानं आरोपीला त्याच्या चारित्र्याविषयी विचारता येत नसे. मात्र आरोपीनं सरकारी साक्षीदारांच्या चारित्र्यावर हल्ला केला तर ही ढाल जात असे. अली मेलेला. मेलेला माणूस साक्षीदार होत नाही, त्यामुळं त्याच्यावर कितीही चिखल उडवला तरी ढाल शाबूत. पण एनानी साक्षीदार होता आणि चिखल त्याच्यावरही उडाला होता. तरी न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. ज्युरीसमोर बसली ती काळ्या कपड्यांतली, दुभाष्यामार्फत फ्रेंचमधून हुंदके देत बोलणारी एक पीडित पाश्चात्य बाई. पॅरिसमधली तिची सगळी वर्षं त्या दालनाबाहेर राहिली.

समारोपात हॉल यांनी जे केलं ते वकिली रंगभूमीवर आजही सांगितलं जातं. पिस्तूल हातात घेऊन त्यांनी अलीची झेप करून दाखवली, मग पिस्तूल लाकडी जमिनीवर टाकलं. त्या आवाजानं सगळं दालन दचकलं. पौर्वात्य पुरुषाशी लग्न करणं ही पाश्चात्य स्त्रीची सर्वांत मोठी चूक, असं ते म्हणाले. रॉबर्ट हिचेन्स यांच्या ‘बेला डॉना’ या कादंबरीचा त्यांनी दाखला दिला. तिच्या शेवटी एक स्त्री वाळवंटाच्या अंधारात नाहीशी होते. ज्युरीनं दार उघडावं आणि या पाश्चात्य स्त्रीला पुन्हा देवाच्या थोर पाश्चात्य सूर्याच्या उजेडात जाऊ द्यावं, असं म्हणत त्यांनी हात वर छतातल्या काचेकडं केला.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. सूर्य पश्चिमेचा? ज्या इजिप्तनं सूर्याला देव मानून देवळं बांधली, त्या देशातून आलेल्या मुलाचा खून झाला आणि त्याच्या मारेकरणीला सोडवण्यासाठी सूर्यसुद्धा पश्चिमेच्या नावावर केला गेला. आणि हे कुठल्या वर्षी? आदल्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टरनं तुतनखामनचं थडगं शोधलं होतं, फेब्रुवारीत आतली खोली उघडली गेली होती, एप्रिलमध्ये लॉर्ड कार्नार्व्हन कैरोत वारले आणि शापाच्या कहाण्यांनी लंडनची वर्तमानपत्रं भरली होती. लंडनच्या माणसाला त्या वर्षी इजिप्त म्हणजे थडगी, सोनं, अंधार आणि शाप. त्याच इजिप्तमध्ये १९१९ साली लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, १९२२ साली ब्रिटिशांना अपुरं का होईना पण स्वातंत्र्य जाहीर करावं लागलं होतं आणि एप्रिल १९२३ मध्ये नवी राज्यघटना आली होती. त्या इजिप्तची लंडनमध्ये फारशी दखल नव्हती. हॉल यांना ज्युरीला काही नवं पटवायचं नव्हतं. जे आधीच मनात होतं, तेवढंच त्यांनी हलवून जागं केलं.

मराठी वाचकाला इथं १९१९ सालचं दुसरं न्यायालय आठवेल. टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनला बेअब्रूचा दावा लावला होता. चिरोलच्या बाजूनं सर एडवर्ड कार्सन उभे राहिले, न्यायमूर्ती डार्लिंग होते. दावा एका पुस्तकातल्या मजकुराचा, पण कार्सन यांनी ज्युरीसमोर उभा केला तो साम्राज्याचा प्रश्न, आणि टिळक हरले. दोन्ही प्रकरणांत साम्य फार नाही. टिळक टिळक होते, अली एक वाया गेलेला श्रीमंत मुलगा. पण लंडनच्या बारा जणांपुढं पूर्वेकडचा माणूस आला की त्याच्यापाठोपाठ त्याचा देशही पिंजऱ्यात येऊन उभा राहत होता, हे मात्र दोन्हीकडं दिसतं.

ज्युरीला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. शनिवार, १५ सप्टेंबर. खून, निर्दोष. आरोळ्या इतक्या उठल्या की न्यायमूर्तींनी दालन रिकामं करायला लावलं. मग मनुष्यवध, निर्दोष. मार्गरीत कोसळली आणि रडू लागली.

कैरोत संताप उसळला. तिथल्या वकील मंडळाच्या प्रमुखानं इंग्लंडचे अ‍ॅटर्नी जनरल सर डग्लस हॉग यांना तार केली, की हॉल यांनी एका बाईचा बचाव करताना साऱ्या इजिप्तवर आणि साऱ्या पूर्वेवर चिखलफेक केली. हॉल यांनी उत्तर दिलं, की माझा रोख फक्त त्या एका माणसावर होता. त्यांची वाक्यं ज्यांनी ऐकली त्यांना हे उत्तर पटणं शक्य नव्हतं. सासरच्या संपत्तीवर मार्गरीतनं दावा सांगितला, तो कैरोतल्या न्यायालयानं फेटाळला.

आता त्या न वाचलेल्या पत्रांकडं येतो.

१९१७ च्या वसंतात, महायुद्ध चालू असताना, पॅरिसमध्ये मार्गरीतची गाठ एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याशी पडली. तो तिच्याकडं वर्षभर येत-जात राहिला आणि आघाडीवरून तिला पत्रं लिहीत राहिला. सुमारे वीस पत्रं, फार मोकळेपणानं लिहिलेली. नातं संपलं तेव्हा तिनं त्याला त्या पत्रांची आठवण करून देणारं एक धमकीवजा पत्र पाठवलं आणि तो घाबरला. तो अधिकारी म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचा थोरला मुलगा.

आपल्याकडं हा माणूस १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईला उतरला होता. त्याच्या स्वागतावर काँग्रेसनं बहिष्कार पुकारला, विदेशी कपड्यांची होळी झाली आणि शहरात दंगल पेटून कित्येक माणसं मेली. गांधींनी त्या दंगलीच्या दुःखानं उपवास केला. ज्याच्या पायगुणानं मुंबईत रक्त सांडलं, त्याच्या नावाला पॅरिसमधल्या वीस पत्रांमुळं धक्का लागू नये म्हणून पुढं लंडनमध्ये किती काळजी घेतली गेली, हे त्यावेळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

या काळजीचा पुरावा ज्या माणसाच्या लेखणीतून येतो तोही आपल्या ओळखीचा. लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय १९२३ साली ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता. खटल्याच्या तोंडावर बायकोला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की इजिप्शियन प्रिन्सला गोळ्या घालणारी ही फ्रेंच बाई युद्धात आपल्या युवराजाची पॅरिसमधली ठेवलेली बाई होती. त्याचं नाव खटल्यात ओढलं जाईल याची वर फार धास्ती होती. आता तो कॅनडाला निघालाय आणि त्याचं नाव बाहेरच राहणार आहे, हे बरं झालं.

त्याचं नाव बाहेरच राहणार आहे, असं परराष्ट्रमंत्री लिहितो, आणि खटला अजून सुरू व्हायचा आहे.

अँड्र्यू रोज या इंग्रज कायदेतज्ज्ञानं पुढं या प्रकरणावर दोन पुस्तकं लिहिली. २०१३ च्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी असा निष्कर्ष काढला, की पत्रं परत घेण्याच्या बदल्यात तिचं पूर्वायुष्य न्यायालयात उघडायचं नाही, असा सौदा झाला होता. त्या सौद्याचा सही-शिक्क्याचा कागद नाही. न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी परवानगी नाकारली ती कायदा पाहून की कुणाच्या इशाऱ्यानं, यावर मी छातीठोकपणे काही म्हणणार नाही. पण खटल्याच्या वेळी युवराज इंग्लंडबाहेर होता, कॅनडाला निघून गेला होता, तिची पॅरिसची वर्षं ज्युरीपासून लपली आणि कर्झननं जे लिहिलं होतं ते तंतोतंत घडलं.

एडिथ थॉम्सनची पत्रं वाचली गेली, कारण ती एका टोप्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या बाईची होती. तिनं कधी काही केलं नाही, फक्त लिहिलं. तिच्या पत्रांतल्या दिवास्वप्नांना पुरावा मानून तिला मारलं. अलीची पत्रं वाचली गेली, कारण तो मेला होता आणि परका होता. तिसरी पत्रं कुणाच्या तरी खासगी कपाटात राहिली. मार्गरीतला फाशी व्हायला हवी होती असं मला मुळीच वाटत नाही. फाशी एडिथलाही व्हायला नको होती. मार्गरीतची भीती खरी असेल, तिचे ओरखडे खरे असतील. पण त्या ज्युरीनं तिचा न्याय केला नाही. त्यांच्यासमोर तिला कुणी उभंच केलं नव्हतं. त्यांनी अलीचा न्याय केला, तोही त्याला बोलता येत नसताना.

ती पुढं पॅरिसमध्येच राहिली, रिट्झ हॉटेलच्या समोरच्या घरात. युवराज १९३६ साली राजा झाला, वर्ष संपायच्या आत एका अमेरिकन बाईसाठी त्यानं गादी सोडली आणि पुढं त्याचं बहुतेक आयुष्य पॅरिसमध्येच गेलं. त्याच शहरात २ जानेवारी १९७१ ला मार्गरीत वारली, ऐंशी वर्षांची होऊन. पुढच्या वर्षी मे महिन्यात, त्याच शहरात, तोही गेला.